क्रूगरमधला हा सुतार कोणता? बेनेट्स की गोल्डन-टेल्ड?

रेवा
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात भावाकडे प्रिटोरियाला गेले होते, तेव्हा क्रूगर राष्ट्रीय उद्यानात फिरणं झालं. हत्ती-सिंहांवर सवडीने लिहीन. सध्या एका सुतार पक्ष्याची ओळख पटवून हवी आहे.

जागा प्रिटोरियसकॉप कॅम्प, म्हणजे उद्यानाचा नैर्ऋत्य भाग. ऊन कलल्यावर खोलीसमोरच्या झाडाच्या बुंध्यावर हा बसला होता. आपल्या सोनपाठी सुतारापेक्षा लहान. पाठ हिरवट-पिवळट, तिच्यावर फिकट आडव्या खुणा. डोकं वरून लाल आणि चोचीच्या बुडापासून गालावर मिशीसारखा लाल पट्टा. पोट पांढुरकं, त्यावर काळ्या खुणा.

फोटो १ पाठमोरा आहे. फोटो २ मध्ये पोट दिसतं, पण पक्षी हलल्यामुळे खुणा ओढल्या गेल्यात. त्या रेषा आहेत की ठिपके, मला ठरवता येत नाही. फोनमधलं अ‍ॅप म्हणतंय गोल्डन-टेल्ड वुडपेकर. भावाचे शेजारी तिथलेच, जन्मभर पक्षी बघत आलेले; ते फोटो बघताक्षणी 'बेनेट्स' म्हणाले. नक्की कोण? आणि कशावरून? नुसतं नाव नको, कारण हवंय.

दगडफूल
लाल मिशीवाला सुतार! फोटो १ झकास आलाय. ओळख पटवणारे येईपर्यंत मी पहिल्या बाकावर बसतो.

माळढोक
रेवाताई, प्रश्न नेमका विचारलात. आधी यादी लहान करू. क्रूगरमध्ये सहज दिसणारे सुतार चारच: कार्डिनल, बीअर्डेड, गोल्डन-टेल्ड आणि बेनेट्स. दक्षिण आफ्रिकेत याखेरीज ऑलिव्ह आहे, पण तो दाट जंगलातला. नाइस्ना आहे, तो दक्षिण-पूर्व किनाऱ्यालगतच्या झाडीत. ग्राउंड वुडपेकर तर डोंगरउतारावरच्या खडकांत राहतो. सव्हानाच्या विरळ झाडीत हे तिघं धरायचं कारण नाही.

आता चारांतून दोन गाळायला तुमची मिशी पुरते. कार्डिनल आणि बीअर्डेड यांच्यात नराला लाल रंग फक्त डोक्याच्या मागच्या भागावर असतो, गालावर कधीच नाही. बीअर्डेडची मिशी ठसठशीत काळी असते, कानामागेही काळा डाग असतो आणि पोटावर बारीक आडव्या रेघा. गोल्डन-टेल्ड आणि बेनेट्स हे दोघे कॅम्पेथेरा या वंशातले. त्यांच्या नरांना डोक्यावर लाल आणि मिशीही लाल. म्हणजे तुमचा पक्षी नर आहे आणि या दोघांपैकीच एक आहे.

पुढचं काम पोटाचं आणि गळ्याचं. बेनेट्सच्या पोटावर सुटे गोल ठिपके असतात, गोल्डन-टेल्डच्या उभ्या रेषा. फोटो २ वरून मी पैज लावणार नाही.

केदार_एस
मला तरी त्या रेषाच वाटतात. छातीजवळ बघा, एकाखाली एक अशा ओळीने आल्यात. शिवाय शेपटीत पिवळा रंग स्वच्छ दिसतोय. गोल्डन-टेल्डला माझं मत.

माळढोक
केदार, शेपटीवर जाऊ नका. पिसांचे दांडे दोघांचेही पिवळे असतात. ऊन मागून आलं की बेनेट्सची शेपटीही तितकीच सोनेरी दिसते. नावात शेपूट आहे म्हणून लोक आधी तिकडे बघतात आणि तिथेच अडकतात.

सह्याद्रीचा_वारा
रेवा, फोटो २ चा शटर किती होता? कॅमेऱ्यात मूळ फाइल असेल तर माहिती दिसेल. संध्याकाळच्या उजेडात १/१२५ वगैरे असेल तर ठिपका ओढला जाऊन रेघ होणारच. पण ओढला गेला असेल तर सगळ्या खुणा एकाच दिशेने ओढलेल्या हव्यात. मला डाव्या कुशीवरच्या खुणा तिरप्या दिसतात आणि बुंध्याची सालही त्याच दिशेने पुसट झालीये. म्हणजे तो कॅमेऱ्याचा हलका धक्का आहे. या फोटोवरून रेषा-ठिपक्यांचा निकाल लावू नये असं माझं स्पष्ट मत.

टिटवी
अगदी मूलभूत प्रश्न. मी आत्ताच पक्षी बघायला सुरुवात केली आहे. नर आणि मादी दोघांचीही डोकी लाल असतात ना? मग मिशी नसेल तर मादी एवढं पुरेसं आहे का?

माळढोक
टिटवी, चांगला प्रश्न, याचं उत्तर सगळ्यांना उपयोगी पडेल. कॅम्पेथेरा वंशात मादीचं कपाळ आणि माथा काळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके आणि लाल रंग फक्त मानेच्या मागे. मिशी लाल नसते. गोल्डन-टेल्ड मादीची मिशी काळ्यापांढऱ्या रेघांची असते. बेनेट्सची मादी मात्र या सगळ्या मंडळींत उठून दिसते: डोळ्याखालून कानापर्यंत चॉकलेटी पट्टा आणि हनुवटी-गळाही चॉकलेटी. क्रूगरमध्ये असा चेहरा दुसऱ्या कुठल्याही सुताराला नाही. ती दिसली की वाद संपला.

कार्डिनल आणि बीअर्डेड यांच्या माद्यांना डोक्यावर लाल अजिबात नसतं. कार्डिनलचं कपाळ तपकिरी, मागचा भाग मादीत काळा आणि नरात लाल.

रेवा
शटर १/१०० होता, सह्याद्री बरोबर बोलला. मूळ फाइल मोठी करून फक्त गळ्याचा भाग वेगळा काढून इथे लावते आहे, फोटो ३. अजून एक सांगायचं राहिलं: थोड्या वेळाने तो खाली उतरला आणि गवतात टुणटुण उड्या मारत चोच खुपसत राहिला, बराच वेळ. झाडाकडे फिरकला नाही.

दगडफूल
सुतार जमिनीवर? झाडावरची कामं संपली वाटतं.

जोबर्गकर
रेवा, हे तू आधी सांगायला हवं होतंस! इथे राहून वर्षं झाली, क्रूगरला दर हिवाळ्यात जाणं होतं, आणि माझ्या लेखी तुझ्या पोस्टमधली सर्वात वजनदार माहिती ही आहे.

बेनेट्स हा मुंग्यांवर जगणारा सुतार आहे. मुंग्या, त्यांची अंडी, कोश आणि वाळवी. ते मिळवायला तो जमिनीवर उतरतो आणि तिथे रमतो. कॅम्पमधल्या गवतावर, जळून गेलेल्या गवताच्या काळ्या पट्ट्यात, वारुळांच्या कडेला तो दिसतो. बहुतेक वेळा जोडीने, कधी तिघंचौघं. गोल्डन-टेल्डही मुंग्या खातो, पण तो बहुतेक करून फांद्यांवर, सालींच्या फटींत काम करतो.

सप्टेंबर म्हणजे इथला वसंत सुरू होण्याचा काळ. पाऊस अजून आलेला नसतो, गवत वाळून खुजं झालेलं असतं, जमीन उघडी. जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्याला सोपं आणि आपल्यालाही सोपं. माझं मत बेनेट्स.

आणि प्रिटोरियसकॉपबद्दल दोन शब्द. क्रूगरमधला सर्वात जुना पर्यटक कॅम्प. तिथे पाऊस बाकीच्या उद्यानापेक्षा जास्त पडतो, त्यामुळे झाडी रुंद पानांची. सिल्व्हर क्लस्टर-लीफची चंदेरी पानं संध्याकाळी चमकतात ती तू पाहिली असशील. मध्य भागात सतारा कॅम्पकडे गेलीस की काटेरी नॉब-थॉर्न आणि मारुला, आणि ऑलिफंट्स नदीच्या उत्तरेला बहुतांश मोपानेची झाडं. सुतार या तिन्ही भागांत आहेत, पण बेनेट्स शोधायचा तर मी रुंद पानांच्या झाडीलाच आधी जाईन.

केदार_एस
जोबर्गकर, वागणुकीवरून जात ठरवणं मला पटत नाही. एखादा गोल्डन-टेल्ड त्या दिवशी मुंग्या दिसल्या म्हणून खाली उतरला असेल. आपल्याकडे सोनपाठी सुतारही जमिनीवर उतरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पिसांवरची खूण हीच खरी खूण.

जोबर्गकर
केदार, एकट्या वागणुकीवर मीही ठरवणार नाही. पण 'पाच मिनिटं उतरला' आणि 'बराच वेळ चरत राहिला, झाडाकडे फिरकला नाही' यात फरक आहे. पहिलं कुणीही करेल. दुसरं ज्याची पोटापाण्याची सवय तीच आहे तो करेल.

मधुमालती
आवाज कुणीच विचारला नाही? मला तर सुतारांमध्ये आधी कानच उपयोगी पडतात. रेवा, तो ओरडला का? ढोल वाजवला का?

गोल्डन-टेल्डचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. एकच लांबलचक, नाकातून काढलेली, घोगरी किंकाळी: 'वॅऽऽऽ'. बिजागरीला तेल नसलेलं जुनं दार कुणी हळू उघडावं तसा. एकदा ओरडतो, मग बराच वेळ गप्प. बेनेट्सचा याच्या उलट: उंच स्वरात भराभर किलबिलाट, आणि जोडी असेल तर दोघं एकदम सुरू होतात, पंख फडफडवत. भांडण चाललंय असं वाटतं.

ढोलाचंही सांगते. बीअर्डेडचा ढोल दुरून ओळखता येतो: आधी जलद 'ट्रर्रर्र' आणि शेवटी सुटे सुटे ठोके, टक, टक, टक, टक. कार्डिनलचा ढोल हलका, नाजूक. पक्षीच केवढासा, १५ सेंमीच्या आसपास. कॅम्पेथेरा मंडळी मात्र ढोलाच्या वाटेला फारशी जात नाहीत. त्यामुळे मोठा घुमणारा ढोल ऐकून वर पाहिलंत आणि लाल मिशीवाला दिसला, तर ढोल वाजवणारा दुसराच कुणीतरी जवळ असेल असं समजून शोधा.

टिटवी
मधुमालतीताई, हे लिहून ठेवलं. पण फोनवर आवाज लावून पक्ष्याला बोलावता येतं ना? रेवाने तिथे दोन्ही आवाज लावून बघितले असते तर ज्याला प्रत्युत्तर दिलं तो, असं झालं नसतं का?

माळढोक
नको. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा बेनेट्सचा घरट्यांचा मुख्य काळ. आपला आवाज ऐकून नर घरटं सोडून हद्द राखायला येतो, त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय. आपल्याला ओळख पटते, त्याची तेवढी वेळ आणि ताकद वाया जाते. कॅम्पमध्ये तर दिवसातून कितीतरी पर्यटक येतात. प्रत्येकाने आवाज लावला तर त्या जोडीचं काय होईल याचा विचार करा. थांबणं हा चांगला उपाय. रेवाताईंनी तेच केलं म्हणून जमिनीवरची हालचाल दिसली.

सह्याद्रीचा_वारा
+१. आपल्याकडेही घुबडं आणि नवरंग यांच्यामागे लोक स्पीकर घेऊन लागतात. बंद व्हायला हवं.

केदार_एस
यावर मात्र माळढोक यांच्याशी शंभर टक्के सहमत.

अण्णा_कोल्हापूर
धागा वाचून आनंद झाला. मी वनखात्यात होतो, सुतार पक्ष्यांवर माझा जीव. थोडं अवांतर विचारतो. क्रूगरमध्ये हत्ती झाडं फार पाडतात असं ऐकतो. सुताराला झाडच राहिलं नाही तर तो कुठे जाणार? आमच्याकडे तर 'वाळलेलं झाड' म्हणजे तोडायचं झाड असा लोकांचा समज होता. मी कितीदा सांगितलं, वाळलेलं उभं झाड हे जंगलातलं भरलेलं घर असतं. त्यात सुतार ढोली करतो, तो गेला की मैना येते, पोपट येतो.

जोबर्गकर
अण्णा, अवांतर अजिबात नाही. क्रूगर सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचं. हत्ती मारून संख्या आटोक्यात ठेवायचं धोरण १९९४ मध्ये थांबलं, तेव्हापासून हत्ती पुष्कळ वाढले. मारुला आणि नॉब-थॉर्न ही त्यांची आवडती झाडं. ढकलून पाडतात नाहीतर साल सोलून काढतात. साल पूर्ण निघाली की झाड उभ्या उभ्या वाळतं.

सुतारांच्या बाजूने बघितलं तर दोन्ही गोष्टी आहेत. सोललेलं उभं झाड म्हणजे भुंग्यांच्या अळ्या आणि मऊ लाकूड. बीअर्डेडसारख्या मोठ्या सुताराला ते हवंच असतं, मेलेल्या मोठ्या झाडांवर तो तासन् तास ठोकत बसतो. पण आडवं पडलेलं झाड ढोलीच्या कामाचं नाही आणि मोठी झाडं परत वाढायला आयुष्य जातं. म्हणून हत्ती वाईट असं मी म्हणणार नाही, ते त्या जंगलाचे मूळ रहिवासी आहेत. माझी काळजी एवढीच की उंच झाडांची नवी पिढी वर येत राहायला हवी.

अण्णा_कोल्हापूर
समजलं. उभं मेलेलं झाड तरी तिथे सुतारांच्या कामी येतं, हे वाचून बरं वाटलं.

मधुमालती
अण्णा, ढोलीवरून आठवलं. तिथल्या ढोल्यांना एक वेगळाच धोका आहे: हनीगाइड. हे पक्षी आपल्या कोकिळेसारखे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतात आणि बिळात-ढोलीत राहणाऱ्यांना गाठतात. सुतार, तांबट, वेडे राघू, सगळेच त्यात आले. ग्रेटर हनीगाइडच्या पिल्लाच्या चोचीला जन्मतः टोकदार आकडे असतात आणि त्यांनी ते यजमानाची पिल्लं मारून टाकतं.

आणि हाच ग्रेटर हनीगाइड माणसाला मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो! उत्तर मोझांबिकमधले याओ लोक त्याला एका ठराविक आवाजाने बोलावतात. तिथल्या निआसा भागात झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की तो ठराविक आवाज काढला तर पक्षी वाट दाखवण्याची शक्यता साध्या आवाजापेक्षा जवळपास दुपटीने वाढते. पिल्लू असताना एवढं क्रूर आणि मोठेपणी माणसाचा वाटाड्या. मला हा पक्षी एकदा तरी बघायचा आहे.

दगडफूल
मधुमालती, यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. याओ लोकांचं वाचून अंगावर काटा आला.

माळढोक
मंडळी, फोटो ३ आलाय, कुणी पाहिला का? गळा बघा. हनुवटीपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत स्वच्छ पांढरा, एकही खूण नाही. गोल्डन-टेल्डच्या गळ्यावर आणि छातीवर रेषा दाट असतात. पोटाकडे त्या विरळ होतात. म्हणजे ज्या जागी गोल्डन-टेल्ड सर्वात जास्त रेघाळलेला असतो, नेमकी तीच जागा इथे कोरी आहे. शिवाय कपाळ: बेनेट्स नराचं कपाळ चोचीपासूनच भरीव लाल असतं, गोल्डन-टेल्डच्या कपाळावर लालात काळे ठिपके मिसळलेले असतात. फोटो ३ मध्ये कपाळ भरीव लाल दिसतंय.

माझ्याकडून बेनेट्स, आता जवळपास खात्रीने.

केदार_एस
गळा पाहिला. फोटो ३ आल्यावर माझंही पारडं बेनेट्सकडे झुकलं. हाच फोटो आधी असता तर चर्चा इतकी रंगली नसती!

रेवा
मंडळी, भावाने आत्ता त्याच्या फोनमधला व्हिडिओ पाठवला. मी कॅमेऱ्यात गुंतले होते तेव्हा तो गवताकडे फोन धरून उभा होता. त्यात दोन पक्षी आहेत! दुसरा काही हात अंतरावर. माथा काळा पांढऱ्या ठिपक्यांचा, मानेमागे लाल आणि डोळ्याखाली गडद तपकिरी पट्टा, गळाही तपकिरी. स्क्रीनशॉट टाकला आहे, फोटो ४. शेवटी दोघं उडतात तेव्हा चिरचिर आवाजही आलाय, पण मागे वेर्वेट माकडं ओरडताहेत.

माळढोक
बेनेट्सची मादी. कॅम्पेथेरा बेनेट्टी, शंका नाही. भावाचे आभार माना!

आणि रेवाताई, 'कशावरून' विचारलं होतंत म्हणून महत्त्वाच्या क्रमाने सांगतो: मादीचा चेहरा, नराचा कोरा गळा, पोटावरचे सुटे ठिपके (स्वच्छ दिसले तर), भरीव लाल कपाळ, आणि या सगळ्याला पाठबळ म्हणून जोडीने जमिनीवर मुंग्या टिपणं. फक्त नर दिसला तर जागेवरून हलू नका. बेनेट्सची जोडी एकमेकांपासून फार लांब जात नाही, मादी आसपास असते.

जोबर्गकर
मस्त! तुझ्या भावाच्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांग.

रेवा, एक काम कर. दक्षिण आफ्रिकेत २००७ पासून पक्ष्यांच्या नकाशाचा दुसरा मोठा प्रकल्प चालू आहे, साबॅप-२. नकाशावर पाच मिनिटं अक्षांश गुणिले पाच मिनिटं रेखांश अशा चौकटी पाडल्यात, म्हणजे साधारण आठ बाय नऊ किलोमीटरची एक. साध्या पक्षीप्रेमी लोकांनी पाठवलेल्या यादीवर सगळं चालतं. तुझा भाऊ तिथेच राहतो, त्याला सांग नाव नोंदव. पुढच्या वेळी कॅम्पमध्ये बसल्या बसल्या यादी करता येईल. क्रूगरमध्ये गाडीतून उतरायची मुभा कॅम्प आणि ठरावीक जागा सोडल्या तर नाहीच, त्यामुळे लहान पक्षी बघायला कॅम्पसारखी जागा नाही.

टिटवी
हे बेनेट कोण?

माळढोक
एडवर्ड टर्नर बेनेट, लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे सचिव होते, १८३६ मध्ये वारले. त्याच वर्षी अँड्र्यू स्मिथ यांनी या सुताराचं वर्णन करून त्यांचं नाव दिलं. स्मिथ स्कॉटिश, लष्करात डॉक्टर. १८३४ ते १८३६ या काळात त्यांनी केप वसाहतीतून उत्तरेकडे आतल्या प्रदेशात मोठी मोहीम नेली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या कितीतरी पक्ष्यांचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यांचंच आहे.

विंडहोक_वासी
उशिरा आलो. नामिबियात राहतो म्हणून एक गोष्ट जोडतो, नाहीतर इथलं वाचून कुणी इकडे आलं तर गोंधळेल. उत्तर नामिबिया, उत्तर बोट्स्वाना आणि दक्षिण अंगोला या बाजूला बेनेट्सची जी उपजात आहे तिच्या पोटावर ठिपके फार कमी असतात, रंगही फिकट. नराचं पोट कधीकधी जवळजवळ कोरं वाटतं. 'ठसठशीत ठिपके म्हणजे बेनेट्स' एवढंच लक्षात ठेवून आलात तर इथला नर तुम्ही ओळखणार नाही. मादीचा तपकिरी चेहरा मात्र इथेही तसाच. काठी टेकवायची तर तिथे टेकवा.

अण्णा_कोल्हापूर
मोलाची भर. कोरडा प्रदेश म्हणून फिकट रंग, असंच ना?

विंडहोक_वासी
अण्णा, कोरड्या मुलखातले पक्षी फिकट असणं हे इथे इतरही जातींत दिसतं. या उपजातीत तेच कारण आहे असं मी ठामपणे म्हणणार नाही.

सुनीता_म
नमस्कार, मी नवीन सभासद. आम्ही मागच्या वर्षी टांझानियात होतो, तरांगिरेमध्ये. माझ्याकडेही असाच लाल मिशीचा, पोटावर ठिपके असलेला, पांढऱ्या गळ्याचा सुतार आहे. मी त्याला बेनेट्स धरून चालले होते. बरोबर आहे का?

माळढोक
सुनीताताई, स्वागत. तरांगिरे उत्तर टांझानियात, तिथे बेनेट्स नाही. तिथला ठिपकेवाला म्हणजे नुबियन वुडपेकर. सुदान, इथिओपिया, सोमालियापासून केनिया, युगांडा आणि टांझानियापर्यंत बाभळीच्या माळरानात तो राहतो. नर दिसायला बेनेट्सच्या इतका जवळ की फक्त फोटोवर नाव देणं कठीण. जागा माहीत असणं हाच मोठा पुरावा. मादीत फरक स्पष्ट आहे: नुबियन मादीची मिशी काळी, पांढऱ्या बारीक ठिपक्यांची, आणि चेहऱ्यावर चॉकलेटी काही नाही. आवाज मोठा, धातूसारखा खणखणीत, हळू सुरू होऊन वेग घेत जाणारा. एकाने सुरू केला की दुसरा साथ देतो.

दक्षिणेला मिकुमी किंवा न्येरेरे उद्यानात गेला असतात तर आणखी एक भानगड होती. तिथल्या सुताराच्या गळ्यावर बारीक ठिपके असतात. काही याद्या त्याला बेनेट्सचीच उपजात मानतात, काही राइखनो या पक्षीशास्त्रज्ञाच्या नावाने वेगळी जात.

सुनीता_म
म्हणजे तीन देश फिरले तर तीन वेगळी उत्तरं! माझ्याकडे मादीचाही फोटो आहे बहुतेक, घरी जाऊन शोधते.

माळढोक
शोधाच. सापडला तर तरांगिरेचा नवीन धागा काढा आणि मादीचा फोटो सर्वात वर टाका. महिना आणि उद्यानाचा कुठला भाग तेही लिहा. मधुमालती, तुमच्याकडे नुबियनच्या आवाजाची नोंद असेल तर तिथे हवी आहे.

मधुमालती
आहे, नैरोबीच्या मैत्रिणीने पाठवलेली. जोडीची आहे. टाकते.